तलवार म्यान करायची कळ
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



बाप्पासमोर मी व्हिडिओ गेमवर बोलणार म्हटल्यावर ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. तरी थोडं ऐकून घ्या.

नव्वदच्या दशकात बीदरला कॉम्प्युटर क्लासला जायचो, तेव्हा आम्हा पोरांचा जीव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये अडकलेला असायचा. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने हा गेम १९८९ मध्ये ‘ॲपल टू’ या आठ-बिटी संगणकासाठी बनवला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटावरून घेतली. संगीत वडिलांनी दिलं. आमच्या हाती आली ती पीसीवरची आवृत्ती. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं.

मूळ संगणकाची मेमरी फारच तोकडी. म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याची सावली उभी केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो, तेव्हा ती बाहेर पडते. पुढे त्याचं औषध पिऊन टाकते, दार बंद करून त्याला खाली पाडते आणि शेवटी तलवार उपसून समोर येते. आम्ही त्वेषाने वार करायचो. वार तिच्यावर, घाव आपल्यालाच! कितीतरी दिवस असेच मेलो. मग एकाने खालच्या बाणाचं बटण दाबलं. राजपुत्राने तलवार म्यान केली. सावलीनेही केली. दोघं चालत गेले आणि एक झाले.

मंडळी, हाच खेळ आपल्या बीदरात खराखुरा झालाय. इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावानचा १४७२ चा मदरसा आपण रोज पाहतो. १४८१ मध्ये एका बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने या आपल्याच वजिराचा शिरच्छेद करवला. पुढच्याच वर्षी सुलतान वारला आणि काही दशकांत बहामनी राज्याची पाच शकलं झाली.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपला जुना बीदर जिल्हाही विभागला गेला. उदगीर, निलंगा तिकडे. भालकी, हुमनाबाद इकडे. माझा थोरला भाऊ उदगीरकडे, मी भालकीत. राज्यांच्या सीमेवरून आम्ही कधी भांडलो नाही. भांडलो ते शेताच्या हातभर बांधावरून. सात वर्षं अबोला. आईच्या वर्षश्राद्धालाही दोघं पाठ फिरवून बसलो.

यंदा पोळ्याला मीच फोन केला. म्हटलं, “दादा, बांध तुझ्या मनासारखा घाल. गणपतीला घरी ये.” पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “मोदक किती करणार आहेस?”

आज तो मागच्या रांगेत बसलाय. पोरांनो, गेम खुशाल खेळा. पण खालच्या बाणाचं बटण विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!