समोर कोणी नसताना



मुलींच्या खेळांवर मागे इथे बोलले होते. त्यानंतर विरार पूर्वेकडून, बोळिंजकडून, अगदी आगाशीहूनही बायकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "बाई, मुलगी कराटेला जाते. मारामारी करत नाही, नुसतं हवेत हातपाय मारते. त्याला 'काटा' म्हणतात म्हणे. त्याचं पुढे काय होणार?" एका आईने तर सरळच सांगितलं, "आता ऑलिम्पिकमध्येही नाही हा खेळ. नववीत गेली की बंद करते क्लास."

आधी शब्दाचं बघू. आपली मुलं 'काटा' म्हणतात, पण मूळ जपानी शब्द 'काता'. अर्थ साचा, ठरलेला आकार. समोर शत्रू आहे असं मनात धरायचं आणि ठरलेल्या क्रमाने वार, अडवणं, वळणं, पवित्रे करत जायचं. पाऊल कुठे पडायचं, मान कधी वळायची, श्वास कुठे सोडायचा, सगळं ठरलेलं. प्रत्यक्ष दोघांची लढत असते तिला 'कुमिते' म्हणतात. आपल्याकडच्या बऱ्याच क्लासमध्ये मूल पहिला काता शिकतं तो 'हेइआन शोदान'. तो करताना तुमची मुलगी आरशापुढे रोज दिसत असेल, आणि तुम्ही म्हणत असाल, "दिव्याला धक्का लागेल, बाहेर जा!"

आज मी तुम्हाला एका तुर्की मुलीबद्दल सांगणार आहे. नाव दिलारा बोझान. फारसीत दिलारा म्हणजे मनाला शोभा आणणारी. 'दिल' तर आपलाही झालाय, तेव्हा नाव लक्षात राहायला अवघड नाही. ही मुलगी फक्त काता करते. लढत नाही. तेवढ्यावर ती टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचली.

टोकियोचं ऑलिम्पिक नावाला २०२०चं, पण कोरोनामुळे झालं २०२१ मध्ये. कराटे ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं. ५ ऑगस्टला, कराटेच्या पहिल्याच दिवशी, मुलींचा काता होता. जागा निप्पॉन बुदोकान, १९६४च्या ऑलिम्पिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेलं सभागृह. जपानी युद्धकलांचं देऊळच म्हणा ना. आणि त्या देवळात त्या दिवशी भाविकच नव्हते! प्रेक्षकांना बंदी. रिकाम्या खुर्च्या, सात पंच, मध्ये चटई आणि तिच्यावर एकटी मुलगी.

हे 'एकटी' नीट समजून घ्या. आपली वसई-विरारची मॅरेथॉन असते तेव्हा आपण रस्त्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवतो. पहिली कोण आली ते लहान पोरालाही कळतं. कबड्डीत रेषा असते, कुस्तीत पाठ टेकते. कातामध्ये यातलं काहीच नाही. चटईवर यायचं, वाकायचं, आपल्या काताचं नाव स्वतःच मोठ्याने सांगायचं आणि सुरू करायचं. दोन-तीन मिनिटांत खेळ संपतो, मग आकडा येतो.

तो आकडा कसा येतो तेही सांगते, कारण "पंच काय, वाटेल तसे गुण देतात" असं आपण पटकन म्हणतो. टोकियोतल्या नियमांत प्रत्येक पंच दोन गोष्टींचे गुण देत होता. एक तंत्राचे: पवित्रा किती खोल, वळण किती नेमकं, श्वास योग्य जागी की नाही. दुसरे शरीराचे: ताकद, वेग, तोल. तंत्राचा वाटा ७० टक्के, शरीराचा ३०. सातांपैकी वरचे दोन आणि खालचे दोन गुण सोडून द्यायचे आणि मधल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे एखाद्या पंचाचं प्रेम किंवा राग आपोआप गळून पडतो. आपल्या हळदीकुंकवाच्या रांगोळी स्पर्धेला ही पद्धत लावली तर निम्मी भांडणं मिटतील, असं माझं मत आहे.

आणखी एक अट होती. एकदा केलेला काता त्या स्पर्धेत पुन्हा करायचा नाही. मान्य कातांची यादी १०२ची. पदकाच्या फेरीपर्यंत जायचं तर एका दिवसात चार वेगवेगळे काता हवेत, आणि चौथा पहिल्याइतकाच ताजा दिसायला हवा. मैत्रिणींनो, चार माणसांचा स्वयंपाक पहिल्या पोळीपासून शेवटच्या पोळीपर्यंत एकसारखा करणं किती कठीण, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दिलारा त्या दिवशी चौथ्या कातापर्यंत गेली. कांस्यपदकासाठी तिच्यासमोर होती हाँगकाँगची ग्रेस लाऊ. म्हणजे 'समोर' म्हणायचं एवढंच, दोघी आपापला काता वेगवेगळा करतात. लाऊला २६.९४ गुण मिळाले आणि पदक तिच्याकडे गेलं. दिलारा रिकाम्या हातांनी बाहेर आली. दुसऱ्या कांस्यपदकासाठी अमेरिकेची साकुरा कोकुमाई अशीच हरली, जिंकली इटलीची विवियाना बोत्तारो. सुवर्णपदकाच्या फेरीत स्पेनच्या सांद्रा सांचेझला २८.०६ आणि जपानच्या कियो शिमिझूला २७.८८. फरक ०.१८चा. दहावीच्या टक्केवारीवरून आपल्या घरात जे रडणं होतं, ते आठवा आणि मग हा फरक बघा.

दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, दिलाराच्याच देशाचा अली सोफुओलू मुलांच्या कातामध्ये कांस्यपदक घेऊन गेला. त्याच्या नावात मध्ये एक 'ग' लिहितात, पण तुर्की लोक तो उच्चारत नाहीत, नुसता आधीचा स्वर लांबवतात. त्या ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानला एकूण १३ पदकं मिळाली, त्यातली चार एकट्या कराटेची. अलीशिवाय बाकी तिघं लढतीतली, आणि त्यांत मेर्वे चोबान ही मुलगी. तेव्हा तिकडे ढोलताशे वाजले असतील ते या चौघांसाठी. काता करणाऱ्या मुलीचं नाव निकालाच्या तक्त्यात पदकांच्या खालच्या ओळीत राहिलं. मी तिच्याबद्दल बोलते आहे ते याचसाठी. आपल्या बहुतेक मुलींची जागा त्याच ओळीत असते, आणि तिथपर्यंत यायलाही पंधरा-वीस वर्षं सकाळी लवकर उठावं लागतं.

आता "ऑलिम्पिकमध्ये नाही" या मुद्द्याकडे येते. खरं आहे. २०२४च्या पॅरिसमध्ये कराटे नव्हतं. २०२८च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. तिथे क्रिकेट आलंय, स्क्वॉश आलंय, कराटे बाहेरच. म्हणजे दिलाराला मिळालेला तो एकच दिवस होता. पुढच्या वेळी बघू, असं म्हणायची सोय तिच्यासाठी खेळाने ठेवलीच नाही. हे अन्यायाचं आहे, मला तसंच वाटतं. पण खेळ थांबलेला नाही. जागतिक स्पर्धा होतात, युरोपच्या होतात, आणि आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये तर कराटे १९९४च्या हिरोशिमापासून आहे.

आणि ऑलिम्पिकमध्ये नसलेला खेळ खेळायचाच नाही, असं महाराष्ट्राने कधी ठरवलं होतं? आपला मल्लखांब घ्या. तोही असाच, समोर प्रतिस्पर्धी नाही, लाकडाचा खांब नाहीतर दोर, आणि बघणारे पंच. ऑलिम्पिकचं नाव नाही. तरी शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी पिढ्यान् पिढ्या मुलं-मुली घडवल्या. २०१९च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथेच, शिवाजी पार्कवर झाली. २०२१ मध्ये त्याच मंदिरातल्या हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला. मल्लखांबासाठी मिळालेला हा पहिलाच अर्जुन पुरस्कार, आणि तो एका मुलीला. २०२४ मध्ये देशपांडे सरांना पद्मश्री मिळाली. दोरावर लटकून पोरगी काय करणार, असं हिमानीच्या लहानपणी कोणी म्हटलं नसेल, असं मला वाटत नाही.

सांद्रा सांचेझची गोष्टही सांगायलाच हवी, कारण ती आपल्या वयाच्या बायकांसाठी आहे. ही चार वर्षांची असताना कराटेला लागली. पुढे चांगली खेळत असताना आईला कर्करोग झाला, तर ही मोठा सराव सोडून आईजवळ घरी गेली. नंतर परत आली तेव्हा राष्ट्रीय संघाच्या हिशेबात तिचं वय झालं होतं. २०१५ मध्ये इस्तंबूलला, म्हणजे दिलाराच्याच देशात, ती युरोपची विजेती झाली तेव्हा ३३ वर्षांची होती. ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळालं तेव्हा ३९. लढतीत गुडघे आणि प्रतिस्पर्ध्याचं वय दोन्ही आड येतात, कातामध्ये मुरलेलं शरीर उपयोगी पडतं. तुमच्यापैकी ज्या क्लासबाहेरच्या बाकावर बसून मुलीची वाट बघतात, त्यांनी थोडा विचार करावा. बाक सोडायला परवानगी लागत नाही.

मुलांच्या कातामध्ये सुवर्ण मिळवणारा र्‍यो कियुना ओकिनावाचा, जिथे कराटे जन्मलं त्या बेटाचा. त्या बेटाचं ते पहिलंच ऑलिम्पिक सुवर्ण. तो पदक घ्यायला चढला तेव्हा हातात त्याच्या वारलेल्या आईची तसबीर होती. मी ते बघितलं आणि गॅस बंद करायची विसरले, एवढंच सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. "बाई, यातून मुलगी स्वतःचं रक्षण करेल का?" मी २६ वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, त्यामुळे गोड बोलणार नाही. काता येतो म्हणून विरार लोकलच्या गर्दीत कोणी हात लावला तर ती चित्रपटासारखी चार जणांना आडवं करेल, असं होत नाही. तसं सांगणारा क्लास असेल तर तिथून चपला घालून परत या. पण एक गोष्ट मी अनेक मुलींमध्ये बघितली आहे. कातामध्ये ठरावीक जागी ओरडायचं असतं, त्याला 'किआइ' म्हणतात. पोटातून आवाज काढायचा. मुलगे पहिल्या दिवशी ओरडतात, त्यांना सांगावंच लागत नाही. मुली? पाय उचलतील, पवित्रा घेतील, घाम गाळतील, आणि ओरडायची वेळ आली की ओढणीत हसतील. सहा-सहा महिने जातात तो आवाज यायला. कारण घरात, शाळेत, रिक्षात, सगळीकडे आपण त्यांना हळू बोलायला शिकवलेलं असतं. तो आवाज एकदा आला की तो डब्यातही येतो. आणि गर्दीच्या डब्यात पायाच्या लाथेपेक्षा त्या आवाजाचाच उपयोग जास्त, हे रोज प्रवास करणारी कोणीही सांगेल.

क्लास निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे दर दोन इमारतींआड एक बोर्ड दिसतो. बेल्टच्या परीक्षा भराभर, प्रत्येक परीक्षेला वेगळी फी, आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट! लोणचंसुद्धा मुरायला वेळ घेतं हो. माझ्या ओळखीच्या एका घरात मुलीची तीन 'राष्ट्रीय' पदकं भिंतीवर आहेत, आणि ती कोणत्या संघटनेची हे घरात कोणालाच सांगता येत नाही. हा विनोद नाही. देशपातळीवरही कराटेच्या संघटनांची भांडणं इतकी झाली की २०२० मध्ये जागतिक महासंघाने तेव्हाच्या भारतीय संघटनेची मान्यता काढून घेतली. तेव्हा प्रमाणपत्र हातात घेतलं की त्यावर सही कोणाची, संघटना कोणती आणि तिला आज कोणाची मान्यता आहे, हे विचारा. दहावी-बारावीचे खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतली खेळाडूंची पाच टक्के राखीव जागा, यासाठी कुठलं प्रमाणपत्र चालतं ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. क्लासच्या सरांच्या तोंडी शब्दावर राहू नका. विचारल्याचा राग येणारे सर असतील तर तेही एक उत्तरच झालं.

आणि ती नववीतली मुलगी, जिची आई क्लास बंद करणार होती. दोघी माझ्याकडे आल्या. आईचं म्हणणं, लढतीत तरी पदक मिळेल, हिला तर तेही नको, नुसता काता हवा. मुलगी खाली बघत होती. मी तिला म्हटलं, "करून दाखव." आमचा हॉल केवढासा, सोफा सरकवला. तिने नाव सांगितलं, आधी पुटपुटली, मग मी "ऐकू आलं नाही" म्हटल्यावर मोठ्याने. आणि सुरू केलं. दुसऱ्या वळणावर तिच्या बाहीचा 'फट्' असा आवाज आला आणि तिची आई दचकली. आईने आजवर तिचा काता शेवटपर्यंत कधी बघितलाच नव्हता. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची, नाहीतर फोन यायचा.

सध्या ठरलंय ते असं. आठवड्याचे तीन दिवस क्लास, परीक्षेच्या महिन्यात एक. लढत नाही. बेल्टची पुढची परीक्षा सर सांगतील तेव्हा नाही, तिला स्वतःला जमतंय असं वाटेल तेव्हा. दहावीत काय करायचं ते दहावीत बघू, असं आई म्हणते. मुलगी काही म्हणत नाही, पण परवा जीवदानीच्या पायऱ्या सकाळी चढताना मला दिसली, एकटीच, आणि माझ्या बरीच पुढे.

तुम्ही एक करा. टोकियोमधल्या मुलींच्या काताची चित्रफीत मोबाइलवर शोधा, कांस्यपदकाची, लाऊ आणि बोझान. मुलीला शेजारी बसवा. दोघींचे काता पूर्ण बघा, आवाज सुरू ठेवून. गुण दिसायच्या आधी थांबवा आणि तिला विचारा, तू पंच असतीस तर कोणाला दिलं असतंस, आणि का. ती काय सांगते ते मला कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.