माझा रोजचा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात मला ओळखतात ते नानकटाईमुळे. गेल्या आठवड्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या खेपेस शंभर नानकटाया तर कराच, पण चार शब्द बोलासुद्धा." मी म्हटले, "वहिनी, मी कशावर बोलणार? माझा आजचा दिवस कालच्यासारखा आणि उद्याचा आजच्यासारखा." त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या दिवसावरच बोला." म्हणून परवाचा दिवस तुमच्यापुढे ठेवते. गोड मानून घ्या.

सकाळी पाचला उठले. पाणी भरले, दूध तापवले, दोन भाज्या, पोळ्या, तीन डबे. हे सांगत बसत नाही, कारण तुम्हा सर्वांची सकाळ अशीच जाते. मात्र एक आकडा सांगते. लोक आपला दिवस कसा घालवतात, याची पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७, असे त्यात निघाले. लेकीने मला हे वाचून दाखवले, तेव्हा मी बोटांवर हिशेब केला. पाच तासांना एक मिनिट कमी! ते एक मिनिट कोणत्या बाईला मिळाले, कोण जाणे. मला तरी नाही.

दुपारी दोन ते तीन हा माझा तास. सासूबाईंना जाऊन चार वर्षे झाली. त्यांची इरकली लुगडी ट्रंकेत होती. अंगावर नेसून नेसून इतकी मऊ झालेली की टाकवेनात. त्यांची गोधडी करायला घेतली. लुगडी धुऊन, एकावर एक पसरून, कडेने टाचून घ्यायची, आणि मग काठाकडून आत आत धावदोरा घालत यायचे. टाका बारीक आणि सारखा पडला पाहिजे. त्या तासात मला घड्याळ, गॅस, कशाची आठवण राहत नाही.

पण खरे सांगते, पहिली दोन वर्षे कोणी दार वाजवले की मी गोधडी झटकन पलंगाखाली सारत असे. भर दुपारी ही बाई शिवत बसली आहे, असे कोणाला दिसू नये म्हणून! कोणी काही बोलले नव्हते. माझ्याच मनात चोर होता. कणीक मळताना कोणी आले तर आपण परात लपवत नाही. मग सुईदोराच का लपवावा?

तीन वाजता नानकटाईला लागले. माझ्या लहानपणी, माहेरी मिरजेला, दिवाळीत घरी पीठ भिजवून आई ते डब्यात घालून बेकरीत पाठवत असे. पत्र्यांवर चिठ्ठी लावून ते भट्टीत जात आणि आम्ही मुले बाहेर वास घेत उभी राहत असू. आता माझ्याकडे ॲल्युमिनियमची गोल विजेची भट्टी आहे. भिशीच्या पैशांतून घेतली. एका वेळी सतरा नानकटाया बसतात. तूप घट्ट हवे. पिठीसाखर घालून ते तळहाताने परातीत फेसायचे, अगदी पांढरे आणि हलके होईपर्यंत. इथे ज्या बाईने घाई केली तिची नानकटाई दगड झाली. मग मैदा, थोडे बेसन, थोडा बारीक रवा, वेलची, जायफळ. सोडा अगदी चिमूट. जास्त झाला तर नानकटाई पसरते. भट्टीतून काढल्यावर ती मऊ लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा आत ढकलू नये. गार झाली की आपोआप खुसखुशीत होते.

गोळे वळून होईपर्यंत संध्याकाळ झाली. त्या रात्री घरात सर्वांनी मिळून चित्रपट बघायचे ठरले होते. लेकीने 'श्यामची आई' लावला. अलीकडचा नव्हे, आचार्य अत्र्यांचा १९५३ चा, वनमालाबाई आईच्या भूमिकेत आहेत तो. १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले तोच हा चित्रपट.

भगिनींनो, इतकी वर्षे मी घरात चित्रपट ऐकत आले आहे, पाहिलेले थोडेच. फोडणी देताना गाणे ऐकायचे, भांडी लावताना नायिकेचे रडणे ऐकायचे आणि शेवट तेवढा पदराला हात पुसत दारात उभे राहून पाहायचा. परवा मी ठरवले की बसायचे. भट्टी बाहेरच्या खोलीच्या दाराशी मांडली आणि बसलेसुद्धा. पण पहिला घाणा लावून दहा मिनिटे होतात न होतात तोच मी लेकीला म्हटले, "अगं, जरा भट्टी बघ." ती उठली. थोड्या वेळाने, "अगं, जरा पुढचा पत्रा भर." ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा मी "जरा" म्हटले तेव्हा ती उठली, पण उभ्याउभ्याच म्हणाली, "आई, भट्टी दादाच्या पायाशी आहे. त्याला ती दिसत नाही का?"

मी रागावून बोलणार होते. "अगं, तो..." इतकेच तोंडातून निघाले. पुढचे वाक्य मला ठाऊक होते, कारण ते मी लहानपणापासून ऐकले आहे.

मी सातवी पास झाले त्या वर्षी माझा धाकटा भाऊ जन्मला. आईची प्रकृती बरी नव्हती. आजी म्हणाली, "पोरी, जरा वर्षभर घरात राहा, मग जा शाळेत." ते वर्ष अजून संपलेले नाही. मी कोणाला दोष देत नाही. घरात अडचण होती आणि उठण्याजोगी मीच होते. पण परवा माझ्याच तोंडचा "जरा" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लेक दहावीला आहे. आज मी तिला चित्रपटातून उठवले. उद्या कोणी तिला पुस्तकावरून उठवील, आणि उठायची सवय तिला मीच लावलेली असेल.

शाळेत असताना मी साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक वाचले होते. त्यात आई आजारी असते म्हणून वटपौर्णिमेच्या प्रदक्षिणा ती श्यामला घालायला सांगते. मुले हसतील म्हणून तो लाजतो. चांगल्या कामाची लाज कसली, असे आई त्याला समजावते आणि तो जातो. हा प्रसंग मी मुलाला तिथल्या तिथे सांगितला आणि म्हटले, "बाळ, पुढचे घाणे तुझे."

तो उठला हो! कुरकुर न करता उठला. पण त्याचे एक डोळे भट्टीकडे तर दोन पडद्याकडे. सतरा नानकटाया खालून काळ्या झाल्या. करपल्याचा वास आला तेव्हा माझे पाय आपोआप उठू लागले. दिवसभराच्या कामापेक्षा त्या वेळी बसून राहणे मला जड गेले. हात पदरात गुंडाळले आणि बसले. आमच्या यांनी एक काळी नानकटाई उचलून चहात बुडवली आणि म्हणाले, "कडक आहे, पण चहाला चालेल." मग तेही उठले आणि उरलेल्या पिठाचे गोळे वळायला लागले. शेवट आम्ही चौघांनी बसून पाहिला. डोळे चौघांचेही ओले होते, पण कोणी कबूल केले नाही.

काल पुन्हा तूप फेसून सतरा भरून काढल्या. तेव्हा आज चहाबरोबर तुमच्या बशीत एखादी नानकटाई वाकडी आली, तर ती आमच्या यांच्या हातची समजा, आणि जरा लाल दिसली तर मुलाच्या. नावे ठेवू नका, खाऊन टाका.

कामाला मी कंटाळलेली नाही. नानकटाई मला आवडते, गोधडी आवडते, माझी माणसे आवडतात. एवढेच सांगायचे होते की घरात "जरा ऊठ" म्हणताना आपण कोणाकडे बघतो, ते आज रात्री प्रत्येकीने आपल्या घरी पाहावे. मी परवापासून पाहते आहे. आणि माझी गोधडी आता पलंगाखाली नसते. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर असते. ज्यांना बघायची असेल त्यांनी दुपारी दोन ते तीन अवश्य यावे. मात्र त्या तासात चहा मिळणार नाही!