रॅम सुरू होण्याआधी: सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि कोअरबूट

सँडी ब्रिज (२०११) आणि आयव्ही ब्रिज (२०१२) या इंटेलच्या दोन प्रोसेसर-पिढ्या. कोअरबूट या मुक्तस्रोत फर्मवेअरमध्ये दोन्हींचा मेमरी सुरू करणारा कोड एकच आहे. लेनोव्होच्या थिंकपॅड लॅपटॉपांपैकी एक्स२२० आणि टी४२० पहिल्या पिढीतले, एक्स२३० आणि टी४३० दुसऱ्या पिढीतले. ही यंत्रे अजून धडधाकट आहेत. त्यांच्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली तर लिनक्स घालता येते. पण तिच्याखालचे फर्मवेअर निर्मात्याने वाऱ्यावर सोडले, की त्यातल्या चुका कायमच्या राहतात. त्या दुरुस्त करायच्या तर सगळे गाडे एका ठिकाणी येऊन अडते: रॅम सुरू करणारा कोड कोणाच्या हातात आहे?

कोअरबूटचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. १९९९ साली लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी लिनक्सबायोस सुरू केले, २००८ मध्ये त्याचे नाव कोअरबूट झाले. यंत्र चालू होताच प्रोसेसर पहिली आज्ञा ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट खालून उचलतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते, म्हणून प्रोसेसरच्या कॅशेलाच तात्पुरती रॅम करून सुरुवातीचा कोड चालवतात. त्यानंतर खऱ्या रॅमची पाळी येते, आणि सगळी अवघड मेहनत इथेच आहे.

डीडीआर३-१६०० मध्ये एका बिटच्या वाट्याला ६२५ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल जेमतेम दहा सेंटीमीटर सरकतो. त्यातच क्लॉकची रेषा रॅमपट्टीवरच्या चिपांना एकामागून एक भेटत जाते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या चिपला तो ठोका एकाच क्षणी मिळत नाही. फर्मवेअरला हा फरक मोजावा लागतो. आधी ते पट्टीवरच्या छोट्या एसपीडी चिपमधून तिची क्षमता आणि वेळापत्रक वाचते. मग डेटाच्या प्रत्येक गटासाठी विलंब थोडाथोडा वाढवत ठरावीक नमुने लिहिते, परत वाचते, उत्तर कुठून बरोबर येऊ लागले आणि कुठे चुकू लागले ते टिपते आणि त्या पट्ट्याचा मध्य निवडते. निकाल फ्लॅशमध्ये जपून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी हा सारा खटाटोप वाचतो. विलंब चुकीचा बसला तरी यंत्र कधीकधी सुरू होते, आणि नंतर कारण न सांगता कोसळते.

विलंब जुळवण्याच्या या प्रक्रियेचे, म्हणजे प्रशिक्षणाचे, रजिस्टर इंटेलच्या जाहीर कागदपत्रांत नीट सापडत नाहीत. सुरुवातीला क्रोमबुकांबरोबर आलेली एमआरसी ही बंद बायनरी कोअरबूटमध्ये वापरावी लागे. व्लादिमिर सेर्बिनेन्को यांनी या कुळासाठी उघडा कोड लिहिला. पुढे पॅट्रिक रुडॉल्फ आणि इतरांनी तो सुधारला. बंद बायनरीत एखादी रॅमपट्टी चालली नाही तर वापरणारा हताश होतो. उघड्या कोडमध्ये तोच माणूस नोंद काढतो, विलंब तपासतो, दुरुस्ती पाठवतो. इतक्या जुन्या प्रोसेसरसाठी एवढे कष्ट कशाला, हा आक्षेप नेहमीच उठतो. त्याचे उत्तर या दुरुस्तीतच आहे: यंत्र किती वर्षे वापरायचे हे तिच्यामुळे वापरणाऱ्याला ठरवता येते.

चिपसेटमध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या इंटेल मॅनेजमेंट इंजिन (एमई) या नियंत्रकापुढे मात्र हे स्वातंत्र्य अपुरे पडते. २००८ च्या थिंकपॅड एक्स२०० मध्ये त्याचे फर्मवेअर पूर्ण काढून टाकता येते. सँडी ब्रिजवर ते सगळे काढले, तर यंत्र अर्ध्या तासात बंद पडते. म्हणून एमई क्लीनर हे साधन सुरुवातीपुरता भाग ठेवून बाकीचा छाटते.

कोअरबूट घालण्याचे प्रत्यक्ष काम हाताने करावे लागते. एक्स२३० ची तळहात टेकवायची पट्टी उचलली, की दोन फ्लॅश चिप दिसतात, एक ८ एमबीची आणि दुसरी ४ एमबीची. बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढायचे. आठ पायांची क्लिप लावताना चिपवरचा ठिपका आणि क्लिपचा पहिला पाय जुळवायचा. व्होल्टेज ३.३ असल्याची खात्री करायची. चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या काही स्वस्त प्रोग्रॅमर-उपकरणांच्या डेटा रेषांवर ५ व्होल्ट येतात. फ्लॅशरॉम या साधनाने मूळ मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती हुबेहूब जुळल्या, तरच पुढे जायचे. क्लिप जरा तिरकी बसली तरी प्रती जुळत नाहीत. मूळ प्रत दुसऱ्या यंत्रावर जपणे अनिवार्य आहे, कारण नेटवर्क कार्डाचा पत्ता त्या प्रतीतच असतो. एवढे करून कोअरबूट लिहिले, की लेनोव्होच्या मूळ बायोसने अडवलेले वायफाय कार्डही या यंत्रात चालते.

आता इंटेलकडून एएमडीकडे, थोडक्यात. एएमडीने प्रोसेसर आणि रॅम सुरू करणाऱ्या आपल्या आगेसा कोडचा काही भाग स्वतःच उघडा केला होता, तरी ऑप्टेरॉनसाठीचा असूसचा केजीपीई-डी१६ हा बोर्ड कोअरबूटच्या ४.११ आवृत्तीनंतर मुख्य प्रवाहातून वगळला गेला. कोअरबूटच्या नव्या अंतर्गत रचनेत त्याचा जुना कोड कोणी बसवून दिला नाही. मात्र ४.११ ची शाखा जशीच्या तशी उपलब्ध राहिली आणि पोलंडच्या थ्रीएमडेब कंपनीने डाशारो या आपल्या वितरणात तो बोर्ड पुन्हा चालू केला.