भूगोलाच्या वहींतील दोन देश

दोन परकी देशांची माहिती मिळवून त्यांची तुलना करावी, असें काम माझ्या नातवाला शाळेंतून मिळालें होतें. त्यानें नेदर्लंड्स व बांगलादेश हे देश निवडले. कारण विचारतां, दोघांचेही ध्वज काढावयास सोपे आहेत, असें उत्तर मिळालें! पानाच्या मधोमध रेघ मारून त्यानें रकाने भरले होते. एकीकडे सुमारें ४१,५०० चौरस किलोमीटर भूमि व सुमारें १ कोटी ८० लाख लोक. दुसरीकडे सुमारें १,४८,००० चौरस किलोमीटर व सुमारें १७ कोटी लोक. मग राजधानी, नाणें, पिकें. तळाशीं निष्कर्ष होता : 'नेदर्लंड्स पुढारलेला देश आहे. बांगलादेश मागासलेला आहे.'

"आजोबा, झाली तुलना," असें म्हणून त्यानें वही मजपुढें ठेविली. मला हंसूं आलें नाहीं. असल्याच रकान्यांना, अक्षर सुवाच्य असल्यास, मी तीस वर्षें दहापैकीं आठ गुण देत आलों होतों.

मीं म्हटलें, "बाळ, हे रकाने राहूं देत. दोन्ही देशांना एकच प्रश्न विचार : समुद्र अंगावर चालून आला, तर तुम्ही काय करतां?"

कारण हे दोन्ही देश नद्यांच्या मुखाशीं, गाळाच्या भूमीवर वसलेले आहेत. नेदर्लंड्सची सुमारें चतुर्थांश भूमि समुद्रसपाटीहून खालीं आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीं वादळ व मोठी भरती एकत्र आली, बांध फुटले आणि तेथील १,८३६ माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर त्या लोकांनीं समुद्राचीं मुखें एकामागून एक बंद करण्याचें काम हातीं घेतलें. पूर्व शेल्ट नामक खाडी मात्र त्यांनीं पुरती बुजविली नाहीं. कालवें व शिंपले धरणाऱ्या कोळ्यांनीं आणि निसर्गप्रेमी मंडळींनीं हरकत घेतली. म्हणून तेथें ६२ प्रचंड दरवाजांचा अडसर १९८६ सालीं उभा राहिला. एरव्हीं तो उघडा असतो, वादळांत तेवढा मिटतो. बांधांची देखरेख करणारीं पाणीमंडळें तर त्या देशांत कित्येक शतकांपासून आहेत. तीं स्वतःचा कर बसवितात.

आतां दुसरी बाजू. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळांत, आजचा बांगलादेश पूर्व पाकिस्तान होता तेव्हां, निदान तीन लाख माणसें मेलीं असावीं असा अंदाज आहे. तेथेंही १९६० नंतर किनाऱ्यावर बांध घातले गेले होते, आणि बांधांनीं वेढलेल्या भूमीला 'पोल्डर' हा डच शब्दच रूढ झाला! पण गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना ह्यांचा गाळ काय सामान्य आहे? बांधानें तो बाहेर अडविला. आंतली भूमि खोल राहिली, बाहेरचे प्रवाह गाळानें भरले, आणि शेतांत पाणी तुंबूं लागलें. कांहीं ठिकाणीं शेतकऱ्यांनींच बांध फोडून भरतीचा गाळ आंत घेतला. डच शेतकऱ्याला हें वेडेपण वाटलें असतें. तेथें तें शहाणपण होतें.

शिवाय खांबांवर उभारलेलीं निवाऱ्याचीं घरें, आणि कर्णे व निशाणें घेऊन गांवोगांव इशारा देणारे स्वयंसेवक. २०२० सालच्या अम्फान वादळापूर्वीं तेथें वीस लाखांहून अधिक लोक हालविले गेले, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. १९७० चा आकडा त्याच्याशेजारीं लिहावयास मीं नातवाला सांगितलें. तो बराच वेळ पेन्सिल चावीत बसला.

"मग आजोबा, पुढारलेला कोण?"

मीं उत्तर दिलें नाहीं. त्यानें निष्कर्षाचीं दोन्ही वाक्यें खोडलीं आणि त्या जागीं लिहिलें : 'एकानें समुद्राला दार लाविलें. दुसऱ्यानें माणसांना वेळेवर जागें केलें.' अक्षर मात्र घाईमुळें फार वाईट आलें होतें.