मिरजेत आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदय, परगावाहून आलेले संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रहो,

समस्त मिरजकरांच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत.

मिरज म्हणजे रेल्वेचे जंक्शन, एवढीच पुष्कळांची समजूत. पण खाँसाहेब अब्दुल करीम खाँ या गावात राहिले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे रुग्णालय काढले आणि लांबलांबचे रुग्ण मिरजेची वाट धरू लागले. त्यांच्याच नावाच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले.

माझा जीव मात्र सतारमेकर गल्लीत. फरीदसाहेब शिकलगार हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातले. त्यांनी वाद्ये घडवायला घेतली आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. आज आमच्याच मुलांना त्यांचे नाव ठाऊक नसते, ही खंत इथे बोलून दाखवतो. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्यांची फार आठवण झाली. वेळ काढून तिथे जा. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो. तार सुरात असूनही धागा जागेवर बसेपर्यंत जवारी खुलत नाही.

या परिषदेत ज्यांची चर्चा होणार आहे, त्या टी पेशींचेही तसेच, असे आमच्या तरुण प्राध्यापकांनी मला समजावले. प्रतिजन ओळखले तरी टी पेशी लगेच कामाला लागत नाही. डेन्ड्रायटिक पेशीवरच्या टोल-लाइक रिसेप्टरला जंतूची चाहूल लागली, की ती पेशी दुसरा इशारा देते, इंटरल्यूकिन-१२ सोडते. मग टी पेशी गॅमा इंटरफेरॉन तयार करते आणि क्षयाचे जंतू गिळून बसलेल्या मॅक्रोफेजना बळ येते. जंतूची चाहूल लागल्यावरच दुसरा इशारा मिळतो, हे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्येच तर्काने मांडले होते. वानलेसवाडीच्या गावात ही चर्चा व्हावी, याचा मला मनापासून आनंद आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या पुरल्या नाहीत, म्हणून काहींची सोय सांगलीत करावी लागली. त्यांची ये-जा होते आहे, क्षमा असावी. सभागृहासमोरचा रस्ता खणलेला आहे, रात्री जपून चालावे. पहाटे गरम पाणी उशिरा आले, तेही आज सुधारतो आहोत. जेवणात तिखट जास्त झाले असेल तर वाढप्यांना निःसंकोच सांगा.

मंगल कार्यालय विनामूल्य देणारे मालक, धान्य आणि तेल पाठवणारे मार्केट यार्डातले व्यापारी, आपापल्या गाड्या चालकांसह देणारे डॉक्टर, घरी पाहुणे ठेवून घेणारी कुटुंबे, रात्रभर स्टेशनवर उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि आपले नाव घेऊ नका असे बजावून मोठी देणगी देणाऱ्या त्या माउली, या सर्वांचे ऋण मी हात जोडून मान्य करतो आणि अध्यक्षांना परिषदेचे उद्घाटन करण्याची विनंती करतो.