सत्तेतून वनराईकडे
(महाड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते गाव लागते. गडावर जाणारे आपले शेकडो तरुण तेथून जातात. पण १४ फेब्रुवारी १९२५ रोजी याच गावी मोहन धारिया जन्मले, हे त्यांतील कितीजणांना ठाऊक असते?

धारिया आपल्या विचारपरिवारातील नव्हते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. ते समाजवादी वळणाचे काँग्रेसजन, 'तरुण तुर्क' म्हणून ओळखले जाणारे. बेचाळीसच्या आंदोलनात ते विद्यार्थिदशेतच उतरले. १९४८ मध्ये जंजिरा संस्थानाच्या मुक्तिलढ्यातही ते होते. १९७१ मध्ये पुण्यातून लोकसभेवर गेले, केंद्रात राज्यमंत्री झाले. मात्र जयप्रकाशजींशी संवाद करावा, असे त्यांनी उघडपणे मांडले आणि मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिपद गमवावे लागले. पुढे आणीबाणीत कारावास आला. त्या काळात सहस्रावधी स्वयंसेवकही गजाआड होते. मतभेद असूनही सत्त्व ओळखावे, हा त्या दिवसांचा संस्कार आहे.

१९७७ नंतर ते जनता सरकारात वाणिज्यमंत्री झाले, १९९०-९१ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. तथापि त्यांची खरी ओळख उरली ती १९८०च्या दशकात उभ्या केलेल्या 'वनराई' संस्थेने. आंबेगाव तालुक्यातील गावडेवाडीसारखी गावे ग्रामस्थांच्या श्रमातून हिरवी झाली. २००५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १४ ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर खचले. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ८०हून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळल्या. अतिवृष्टी हे कारण आहेच. सर्व दोष वृक्षतोडीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु उघड्या उतारावरची माती धरून ठेवायला मुळे नसतात, हे आपल्या आजोबांनाही कळत होते.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलतो. आपल्याकडे बरेचसे रान खाजगी मालकीचे. मालक मुंबईला, झाडे गावी. ठेकेदार येतो, उभे रान ठोक भावात मागतो, आणि व्यवहार होऊन जातो. त्यात परके कोणी नसते. आपलेच भाऊबंद असतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठीसुद्धा रयतेचे आंबे-फणस तोडण्यास मनाई आहे. रायगडाचा जयघोष करणाऱ्यांनी ही आज्ञा आपल्या सातबाऱ्याला लावून पाहावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. आषाढात कोसळणारे पाणी वैशाखात वाडीवर नसते. धारियांच्या संस्थेने रुजवलेला वनराई बंधारा यावर साधा उपाय आहे. सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरायची, तोंडे शिवायची आणि ओहोळ क्षीण झाला की विटांसारखी सांधेमोड करून आडवी रचायची. पाणी अडते, मुरते, खालच्या विहिरींना आधार मिळतो. हा बंधारा कायमचा नसतो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. आणि पावसापूर्वी पोती काढून घ्यावी लागतात, नाहीतर तीच सावित्रीत वाहत जातात. कोणी याला उणीव म्हणेल. मला त्यात संघटनेचे सूत्र दिसते: दरवर्षी एकत्र यावे लागते, म्हणून गाव एकत्र राहते.

म्हणून विनंती एवढीच. दिवाळीला गावी आलात की एक सकाळ ओढ्यावर द्या. आणि ठेकेदाराला होकार देण्यापूर्वी आपल्या रानाच्या खाली कोणाची वाडी आहे, ते एकदा जाऊन पाहा. नात्याच्या या सुपुत्राला याहून वेगळी आदरांजली नको.

भारतमाता की जय!