सावलीचा रंग

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो वरवर पाहता लहान मुलांच्या खेळाचा वाटेल. उघड्यावर, उन्हात वावरणारी माणसे मुलांकडून ऑइल पेस्टलच्या खडूंनी कशी काढून घ्यावीत, एवढाच तो विषय. मी चित्रकार नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, ड्रॉइंगच्या इंटरमीजिएट परीक्षेपुरता हात वळलेला, आणि आता साठी ओलांडून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहे. तेव्हा माझ्या भाषणात पांडित्य आढळणार नाही. एका चुकीची कबुली मात्र आढळेल. त्या चुकीपासून मी जे शिकलो, ते आपल्या घरच्या मुलांच्या उपयोगी पडावे, हाच हे बोलण्याचा हेतू.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. वर्गाला मी ‘माझी आई’ हा विषय दिला होता. एका मुलाने आई अंगणातल्या लिंबाखाली तांदूळ निवडीत बसलेली काढली. तिच्या एका गालावर पिवळा ठिपका, दुसरा गाल जांभळट, कपाळावर हिरवी छटा, आणि पांढऱ्या लुगड्यावर निळे डाग. मी लाल शाईने त्यावर लिहिले, “तोंड असे असते काय?” आणि तो कागद साऱ्या वर्गाला दाखविला. वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर त्या मुलाने मी सांगितले तेच काढले : तांब्या, वीट, केळे, कडा स्वच्छ, छाया काळ्या पेन्सिलीची. मी त्याला चांगले गुण दिले. मुलगा सुधारला, असे मला वाटले.

सेवानिवृत्तीनंतर एके सकाळी सारसबागेत झाडाखाली वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. पानांतून ऊन गळत होते. सहज माझी दृष्टी माझ्याच हातावर गेली. मनगटावर उन्हाचा पिवळा कवडसा होता, त्याच्या शेजारची कातडी निळसर-जांभळी दिसत होती, आणि तळहाताकडे हिरवळीची हिरवी झाक चढली होती. तो मुलगा खरे तेच सांगत होता. त्याने आई पाहिली होती. मी फक्त ‘आई’ हा शब्द वाचला होता.

श्रोतेहो, ही चूक करणारा मी पहिला नव्हे, एवढेच माझे दुबळे समाधान. १८७४ साली पॅरिस शहरी मोने, रेन्वार, पिसारो, देगा प्रभृती चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. मोनेच्या एका चित्राच्या नावातील ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून टीकाकाराने त्यांची थट्टा केली, आणि थट्टेचे तेच नाव त्या पंथास कायमचे चिकटले. मराठीत आपण त्यास दृक्प्रत्ययवाद म्हणतो. पुढे १८७६ च्या प्रदर्शनात रेन्वारने झाडाखाली बसलेल्या एका तरुणीचे चित्र मांडले. तिच्या अंगावर पानांतून आलेले ऊन व हिरव्या-जांभळ्या छाया होत्या. आल्बेर वोल्फ नावाच्या टीकाकाराने त्या रंगांस कुजलेल्या मांसाची उपमा दिली! ते चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात मानाने टांगलेले आहे. वोल्फसाहेबांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, पुण्यातील एका वर्गात, मी लाल शाईने तोच अभिप्राय लिहिला.

सावली अशी रंगीत का दिसते? कारण अगदी साधे आहे. सावलीत सूर्याचे थेट किरण पोहोचत नाहीत. पण निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो. शेजारी पिवळे ऊन असले म्हणजे ती निळाई डोळ्यांस अधिकच जांभळी भासते. हिरवळ, विटांची भिंत, लाल लुगडे, हीही आपापला रंग शेजारच्या छायेत ओततात. म्हणजे सावली ही काळोख नव्हे, तो दुसरा उजेड आहे. एवढे वाक्य मुलाच्या मनात रुजले की निम्मे शिक्षण झाले.

आता खडूंविषयी. ह्या खडूंचा जन्मच मुलांसाठी झाला. जपानात शाळेतील मुले पूर्वी पुस्तकातील नमुने गिरवीत असत. १९१९ च्या सुमारास कानाए यामामोतो ह्या चित्रकाराने, मुलांनी नमुने न गिरविता स्वतः पाहिलेले काढावे, अशी चळवळ उभारली. परंतु मेणाचे खडू कठीण. त्यांचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कोरड्या पेस्टलची भुकटी उडते. ही अडचण ओळखून तेथील साकुरा कंपनीने १९२५ साली रंगात मेण व न वाळणारे तेल घालून नवे खडू बाजारात आणले. आज आपल्या मुलांच्या दप्तरात असतात ते ह्याच कुळातले. गिरविण्यापासून मुलांना सोडविण्यासाठी निघालेले हे खडू हाती देऊन आपण पुन्हा मुलांकडून गिरवूनच घ्यावे, ही मौजच नव्हे काय?

माझ्या आळीतील सात-आठ मुले घेऊन मी रविवारी सारसबागेत बसतो. आमची रीत सांगतो. पेन्सिल आणि रबर घरी ठेवायचे. काळा खडू प्रत्येकाच्या पेटीतून काढून मी माझ्या खिशात ठेवतो. गडद छाया हवी असेल तर निळ्यावर तपकिरी चढवावा. कागद पांढराशुभ्र नसावा. फिकट खाकी किंवा करडा, थोडा खरबरीत असावा, म्हणजे त्यावर ऊन उठून दिसते. वेळ सकाळी साडेसात ते नऊची, कारण तेव्हा ऊन तिरपे असते व सावल्या लांब असतात. एका चित्राला वीस मिनिटांहून अधिक वेळ द्यावयाचा नाही. तेवढ्यात सावली सरकते. चैत्र-वैशाखात पेटी सावलीत ठेवावी, नाहीतर खडू लोण्यासारखे मऊ होतात.

मग माणूस निवडावा : फुगेवाला, माळी, लगबगीने फेऱ्या मारणारे आजोबा. डोळे किलकिले करून पाहावयास सांगावे, म्हणजे बारीकसारीक तपशील विरून उजेडाचे व छायेचे मोठे आकार तेवढे उरतात. प्रथम उजळ भाग ठेवावा, मग छायेचा, आणि लगेच जमिनीवर पडलेली सावली. तिच्यावाचून माणूस अधांतरी तरंगतो. रंग बोटाने घोटू नयेत. वेगवेगळ्या रंगांच्या रेघा शेजारी-शेजारी ओढल्या की दुरून ते रंग आपोआप एकमेकांत मिसळलेले दिसतात. नाक-डोळे काढण्याची घाई नको. ओळखीचे माणूस आपण लांबून त्याच्या चालीवरून आणि खांद्यांवरूनच ओळखतो की नाही? आणखी एक खूण सांगतो. जमिनीवर बसलेल्या मुलाची दृष्टिरेषा उभ्या माणसाच्या मांडी-कमरेच्या आसपास येते. सपाट मैदानावर जवळचा मोठा माणूस असो वा दूरचा, ती रेषा सर्वांना सुमारे तेथेच छेदते. एवढे सांभाळले की गर्दीसुद्धा जमिनीवर नीट उभी राहते.

एकदा एका मुलीने पाणी घालणारा माळी काढावयास घेतला. मध्येच थांबून ती म्हणाली, “आजोबा, ह्याचे पाय पाण्यात दिसतच नाहीत. काढू का?” मी म्हणालो, “दिसत नसतील तर काढू नकोस.” तिने पांढऱ्या खडूचे चार फटकारे मारले, आणि माळी पाण्यात उभा राहिला. चित्र पाहून तिची आई मला म्हणाली, “मास्तर, हिच्या माणसांना नाक-डोळे कधी येणार?” तिची काळजी मला समजते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा पुढे असतात, आणि त्यांत वस्तुचित्राला बांधीव रेषा लागते. मी त्या परीक्षांचा शत्रू नव्हे. माझी भाकरी त्यांनीच दिली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले धुरंधर घ्या, किंवा तेथेच शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहमान घ्या. दोघांचाही हात कसलेला. पण धुरंधरांनी तो हात मुंबईच्या रस्त्यावरील माणसांसाठी वापरला, आणि आबालालांनी कोटितीर्थाच्या व रंकाळ्याच्या काठी बसून प्रकाशासाठी. रेषा शिकवावी, अवश्य शिकवावी. पण ती डोळ्याची चाकर म्हणून, मालकीण म्हणून नव्हे. म्हणून त्या माउलीस मी एवढेच म्हणालो, “येतील, वहिनी. आधी तिला ऊन दिसू द्या.”

आपणां पालकांस माझी विनंती एवढीच आहे. मुलाने जांभळी सावली किंवा हिरवा गाल काढला, तर लगेच “असे असते का?” असे म्हणू नये. “तुला हे कोठे दिसले?” असे विचारावे, आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावे. तो सांगेल त्या दिशेला पाहावे. कदाचित तेथे काही नसेलही. आणि कदाचित आपण जे चाळीस वर्षे पाहिले नाही, ते तेथे असेल.

त्या मुलाचे नाव मला आठवते. पण तो आज कोठे असतो, ते ठाऊक नाही. आता तो स्वतः मुलांचा बाप असण्याच्या वयाचा झाला असेल. त्याने पुन्हा कधी खडू हाती धरला की नाही, हा प्रश्न मला अनेकदा छळतो. आकाशवाणीवरचे बोलणे कोणाच्या कानी पडेल, सांगवत नाही. तो ऐकत असेल, तर त्याने एवढे ऐकावे : बाळ, लिंबाखाली बसलेल्या तुझ्या आईचा गाल जांभळाच होता. चूक माझी होती.